लाल रंगवलेले हातपंप

आज पाण्याबद्दल बोलू या, आणि मातीबद्दलही. कारण जमिनीखाली या दोघींचं इतकं गूळपीठ आहे की एकीला सोडून दुसरीबद्दल बोलता येत नाही.

भात लावणाऱ्या बायकांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. चिखलणी करून खाचरात पाणी तुंबवलं की आठ-दहा दिवसांत खालचा चिखल काळा-निळसर होतो. पाय रुतवला की बुडबुडे येतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बांधाच्या कडेला पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. तो खरंच तेलाचा आहे का हे बघायचं असेल तर काडीने टोचावं. तेल असेल तर पुन्हा जुळून येतं, आणि हा तवंग असेल तर पापडासारखा तुटतो. तो लोखंडाचा असतो. काही गावांत बोअरचं पाणी हंड्यात भरताना काचेसारखं स्वच्छ असतं आणि रात्रभर ठेवलं की तळाशी तांबडा गाळ बसतो. त्या पाण्याचा चहा काळपट होतो, पांढरी साडी पिवळी पडते.

या सगळ्याच्या मागे एकच कारण आहे. ते कारण वेळेवर नीट ओळखलं गेलं नाही म्हणून आपल्या शेजारच्या देशात आणि आपल्याच पश्चिम बंगालमध्ये कोट्यवधी माणसांनी वर्षानुवर्षं विष प्यायलं. तीच हकीकत आज सांगायची आहे. ती बरीचशी बायकांची हकीकत आहे, कारण पाणी कोण भरतं हे काय वेगळं सांगायला हवं?

बांगलादेश म्हणजे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या तीन नद्यांनी वाहून आणलेल्या गाळावर वसलेला देश. खडक शोधूनही सापडायचा नाही. पाण्याला तोटा नाही, तोटा चांगल्या पाण्याचा. पूर्वी लोक तळ्यांचं, नदीचं, उघड्या विहिरींचं पाणी पीत. घरामागे पुकूर म्हणजे तळं, त्यातच अंघोळ, त्यातच भांडी, त्यातच म्हशी, आणि पिण्याची कळशीही तिथेच भरायची. बंगालीत तिला कोलशी म्हणतात. आपली कळशी आणि त्यांची कोलशी ही एकच भांडी आणि जवळजवळ एकच शब्द. त्या पाण्यातून हगवण आणि कॉलरा घरात यायचा आणि लहान लेकरं आधी जायची.

1971 साली देश स्वतंत्र झाला. त्याआधीच्या वर्षी भयंकर चक्रीवादळ, मग युद्ध, आणि 1974 ला दुष्काळ. अशा वेळी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याने युनिसेफच्या मदतीने नळकूप बसवायला जोर लावला. नळकूप म्हणजे दोनेक इंच व्यासाची नळी गाळात खाली उतरवायची आणि वर ओतीव लोखंडाचा हातपंप बसवायचा. खडक नसल्यामुळे बोअर मारायला मोठं यंत्र लागत नाही. चार माणसं बांबूची परांची बांधून, नळी खालीवर आपटत, एक-दोन दिवसांत नळकूप तयार करतात. एक जण वर बसून नळीच्या तोंडावर तळहात दाबतो आणि सोडतो, की खालचा गाळ पाण्याबरोबर उसळून बाहेर येतो. इतकी सोपी आणि स्वस्त गोष्ट! सरकारने सुरुवात केली, पण पुढे लोकांनीच पदरचे पैसे घालून आपापल्या अंगणात नळकूप घेतले. एकूण किती झाले याचा नेमका आकडा नाही. कुणी 60 लाख म्हणतं, कुणी 1 कोटीहून जास्त. बायकांच्या डोक्यावरचा फेरा वाचला. अंगणात स्वतःचा नळकूप असणं ही प्रतिष्ठा झाली.

त्या काळी पोरं हगवणीने कमी मरू लागली. त्याचं सगळं श्रेय नळकुपांना देता येणार नाही. मीठ-गुळाचं पाणी कसं करायचं हे ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या 1980 नंतर घरोघर जाऊन बायकांना शिकवत होत्या, लसीकरण होतं, मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या. पण नळकुपाचं पाणी जंतूंच्या दृष्टीने तळ्याच्या पाण्यापेक्षा चांगलं होतं यात शंका नाही. 1997 साली युनिसेफने आपल्या अहवालात सांगितलं की 80 टक्के लोकांपर्यंत 'सुरक्षित' पाणी पोचवायचं लक्ष्य ठरल्या वेळेच्या आधीच पार झालं आहे.

तो 'सुरक्षित' शब्द तेव्हाच डळमळू लागला होता.

1983 च्या जुलै महिन्यात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यातले काही रुग्ण आले. छातीवर-पाठीवर काळे-पांढरे ठिपके, जणू अंगावर पावसाचे शिंतोडे पडले आहेत. तळहात-तळपाय खरखरीत, त्यावर चामखिळीसारखे टणक दाणे. हा महारोग नव्हता, नायटा नव्हता. डॉ. साहांनी ओळखलं की हे आर्सेनिकचं विष आहे. आर्सेनिक म्हणजे आपल्या जुन्या बायका ज्याला सोमल म्हणायच्या त्याच्या पोटातलं मूळ द्रव्य. ते पाण्यातून पोटात जात होतं, आणि पाणी नळकुपाचं होतं. 1987 पर्यंत त्यांच्याकडे सीमेपलीकडून, बांगलादेशातूनही असे रुग्ण आलेले होते. पुढे जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा करत राहिले आणि जो ऐकेल त्याला सांगत राहिले. ऐकणारे फार नव्हते.

हे विष दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. पाणी उकळलं तर ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. किती आर्सेनिक चालेल? बांगलादेशाची मर्यादा लिटरमागे 50 मायक्रोग्रॅम आहे. हे किती झालं? आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो 10 हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात अर्धा ग्रॅम टाकलं की झाली ती मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने 1993 साली सुचवलेली मर्यादा त्याच्या पाचवा हिस्सा, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम आहे. ठिपके उठायलाच बहुधा पाच-दहा वर्षं जातात. कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग व्हायला त्याहून जास्त. तोवर माणूस रोज पाणी पीत असतो आणि ज्याने पंप बसवला त्याला दुवा देत असतो.

बायकांच्या वाट्याला यातलं काय आलं हे त्या भागात काम केलेल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पण गावाला ते कोण समजावणार? हातावर दाणे उठलेल्या मुलीचं लग्न ठरत नसे. सुनेच्या अंगावर ठिपके दिसले की तिला माहेरी धाडायचे. तिला आजार दिला तो सासरच्याच नळकुपाने, आणि हाकललं तिलाच! काही ठिकाणी लोक याला शाप म्हणत. बायका पदराखाली हात लपवून बसत. पुरुषाचा आजार हा आजार आणि बाईचा आजार हा कलंक, हा हिशेब आपल्याला नवा नाही. त्यात ज्यांच्या ताटात डाळ-भाजी-मासळी कमी, त्यांच्या अंगावर हे विष जास्त उमटतं असंही पुढे दिसलं. आणि घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं?

बांगलादेशात सरकारी पातळीवर पहिली पक्की नोंद झाली 1993 साली, चापाई नवाबगंज जिल्ह्यात. मग तपास वाढला. 1998-99 मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्था आणि बांगलादेशाचं ते आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी देशभरातल्या 3534 नळकुपांचं पाणी तपासलं. उथळ नळकुपांपैकी 27 टक्क्यांत आर्सेनिक 50 च्या वर निघालं. 10 ची मर्यादा धरली तर 46 टक्के नापास. 2000 साली अॅलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत लिहिलं की लोकसंख्येला विषबाधा होण्याची इतिहासातली ही सगळ्यांत मोठी घटना आहे. त्या वेळच्या साडेबारा कोटी लोकसंख्येतले साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्यात आहेत असा त्यांचा अंदाज होता.

आता प्रश्न असा की हे विष आलं कुठून? तिथे कारखाने नाहीत, खाणी नाहीत. कुणी शत्रूने टाकलं नाही. इथे आपल्याला पुन्हा त्या भाताच्या खाचरात उतरायला हवं.

जमिनीत जिवाणू असतात, मूठभर मातीत कोट्यवधी. पालापाचोळा, मुळं, शेण हे त्यांचं अन्न. अन्न खाल्लं की त्यातून शक्ती मिळते, पण त्याबरोबर एक बारीकसं ओझंही हातात उरतं. शास्त्रात त्याला इलेक्ट्रॉन म्हणतात. हे ओझं कुणाच्या तरी डोक्यावर दिल्याशिवाय पुढचा घास खाता येत नाही. आपणही तेच करतो: श्वासातला प्राणवायू आपलं ओझं उचलतो, म्हणून तर श्वास कोंडला की माणूस संपतो. जो ओझं देतो त्याचं ऑक्सिडीकरण झालं, जो घेतो त्याचं क्षपण झालं, असं मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं. शब्द अवघड आहेत, पण मामला देण्या-घेण्याचाच आहे.

प्राणवायू हा सगळ्यांत तयारीचा हमाल. तो असेपर्यंत दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. पण खाचरात पाणी तुंबलं की वरून हवा उतरत नाही, आणि मातीतला होता तो प्राणवायू जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग ते नायट्रेटला धरतात. नायट्रेट ओझं घेतं आणि त्याचा वायू होऊन उडून जातं. (भाताला युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायच्या, असं चारसूत्रीत शिकवतात ते याचसाठी. तिथे प्राणवायू नसतो, त्यामुळे खताचं नायट्रेटच होत नाही आणि ते उडूनही जात नाही.) नायट्रेट संपलं की मँगनीज, मँगनीजनंतर लोखंड. लोखंडही संपलं की सल्फेट, आणि तो कुजक्या अंड्याचा वास सल्फेटने ओझं घेतल्याची खूण. सगळ्यांत शेवटी दलदलीचा वायू, मिथेन. ते बुडबुडे.

यातलं लोखंड आज आपल्या कामाचं आहे. हवेतलं लोखंड म्हणजे गंज: तांबडा, पाण्यात न विरघळणारा. तव्यावर गंज चढला तर तो घासून काढावा लागतो, नुसत्या पाण्याने जात नाही. पण त्याच गंजाने जिवाणूंचं ओझं घेतलं की त्याचं रूप पालटतं आणि ते साखरेसारखं पाण्यात विरघळतं. तेच पाणी पंपाने वर आलं, हवा लागली, की लोखंड ते ओझं प्राणवायूच्या डोक्यावर टाकतं आणि पुन्हा गंज होऊन हंड्याच्या तळाशी बसतं. म्हणून बोअरचं पाणी ओतताना स्वच्छ आणि सकाळी तांबडं.

हे सगळं जग केव्हापासून जाणत होतं? 1776 साली इटलीच्या व्होल्टाने माज्जोरे नावाच्या सरोवराच्या काठी काठीने चिखल ढवळला, वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले. तो मिथेनचा पहिला नीट अभ्यास. पुढे दोनशे वर्षांत एकेक दुवा जुळत गेला. भाताच्या चिखलापुरता तो पूर्ण मांडला आपल्या शेजारच्या श्रीलंकेच्या माणसाने. फेलिक्स पोन्नमपेरुमा हे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. पाण्याखालच्या मातीत काय काय, कोणत्या क्रमाने घडतं, यावर त्यांनी 1972 साली लिहिलेला लेख आजही शेतीशास्त्राचे विद्यार्थी वाचतात.

1972! म्हणजे बांगलादेशात नळकुपांचा सपाटा सुरू होत होता ते दिवस. भाताची माती कळणारे एकीकडे होते, पिण्याचं पाणी बघणारे दुसरीकडे, आणि दोघांची गाठ पडली नाही. आम्हाला या साऱ्या हकीकतीत हीच गोष्ट सगळ्यांत जास्त खुपते. खाचरात एका वीत खोलीवर जे आठवड्यात घडतं, तेच नदीच्या गाळात शंभर-दीडशे फुटांवर हजारो वर्षं घडत होतं.

ते असं. हिमालयातून वाहून आलेल्या वाळूच्या कणाकणावर गंजाचा पातळ लेप होता, आणि त्या लेपाला आर्सेनिक चिकटलेलं होतं. गंजाला आर्सेनिकची फार ओढ. त्याने ते घट्ट धरून ठेवलं होतं. तेवढ्यावर राहतं तर काही बिघडलं नसतं. पण त्याच गाळात दलदलीतला पालापाचोळाही गाडला गेला. खाली हवा नाही आणि अन्न भरपूर, मग जिवाणूंनी एकेक हमाल संपवत लोखंडावर मजल आणली. लेप विरघळला आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक मोकळं होऊन पाण्यात आलं. नळकुपाची नळी नेमकी त्याच थरात उतरली.

हे एकदम पटलं नाही. सुरुवातीला काही तज्ज्ञ उलटं म्हणत होते: शेतीसाठी उपसा फार झाला, पाण्याची पातळी खाली गेली, हवा आत शिरली, आणि हवा लागून पायराइट नावाचं गंधकयुक्त लोखंडाचं खनिज फुटलं, त्यातून आर्सेनिक सुटलं. म्हणजे हवा शिरल्याने झालं की हवा नसल्याने झालं, असा वाद. हा वाद पंडितांचा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. पहिलं खरं असतं तर उपसा थांबवून काम भागलं असतं आणि दोष बोरो भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी बसला असता. पण ज्या पाण्यात आर्सेनिक जास्त त्यात विरघळलेलं लोखंडही बहुधा भरपूर निघे, आणि प्राणवायूचा मागमूस नसे. हवा खेळणाऱ्या उघड्या विहिरींत आर्सेनिक कमी निघे. 1998 साली निकसन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात हे हवा नसल्याचं कारण मांडलं. 2004 साली फरहाना इस्लाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधला गाळ प्रयोगशाळेत हवाबंद ठेवला, जिवाणूंना अन्न दिलं आणि आर्सेनिक पाण्यात सुटताना दाखवलं. काहीशे फूट खालचा पिवळट-तांबूस वाळूचा थर बराच जुना आहे. त्यातला गंज अजून शाबूत आहे, म्हणून खोल नळकुपांचं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं निघतं.

तपासणीकडे वळू. 2000 ते 2003 या काळात देशभर जवळजवळ 50 लाख नळकूप तपासले गेले. पेटीतली पद्धत अशी: पाण्यात पुड्या टाकायच्या, निघणारा वायू बाटलीच्या तोंडावरच्या कागदाच्या पट्टीला लागू द्यायचा, पट्टी पिवळी-तपकिरी झाली की आर्सेनिक आहे. मग पंपाच्या तोंडाला रंग. हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका आणि त्यात शिजवू नका. धुणीभांडी, अंघोळ चालेल. सुमारे 14 लाख नळकूप लाल झाले.

रंग लावून माणसं निघून गेली, पुढचं बायकांवर आलं. आपल्या अंगणातला पंप लाल, आणि हिरवा आहे तो शेजारच्या पाड्यात. तिथे जायला सासूची परवानगी हवी, त्या घराशी बोलणं असायला हवं, आणि त्यांनीही 'या' म्हणायला हवं. नवी सून परक्या अंगणात दिवसातून चार वेळा कशी जाणार? तरी हजारो बायका गेल्या. लाल पंप सोडून हिरव्यावर गेलेल्यांच्या लघवीतलं आर्सेनिक काही महिन्यांत उतरलं, असं तपासून दाखवलं गेलं. एकाच गावात, एकाच गल्लीत, पन्नास पावलांवर लाल आणि हिरवे पंप असतात, कारण खालचा गाळ तसा ठिकठिकाणी बदलतो. शेजारणीचं पाणी चांगलं म्हणून आपलंही चांगलं असेल हा भरवसा इथे चालत नाही. पुढे पावसापाण्यात रंग उडाले, नवे नळकूप बसत राहिले, त्यातले कितीतरी कुणी तपासलेच नाहीत. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2016 साली म्हटलं की अजून सुमारे 2 कोटी लोक मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिकचं पाणी पीत आहेत, आणि सरकारी खोल नळकूप बऱ्याचदा पुढाऱ्यांच्या मर्जीतल्या माणसांच्या दारात बसतात.

एक खटलाही झाला. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 1992 मध्ये बांगलादेशातल्या पाण्याची तपासणी केली होती. बरीच द्रव्यं मोजली, आर्सेनिक मोजलं नाही. ब्राह्मणबाडिया जिल्ह्यातल्या एका गावकऱ्याने लंडनच्या कोर्टात दाद मागितली. 2006 साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, दावा फेटाळला: त्या संस्थेवर त्या गावकऱ्याप्रती तशी कायदेशीर जबाबदारी येत नाही म्हणून. कायद्याने ते बरोबर असेल. आम्हाला मात्र वाटतं की अहवालात जे मोजलं नाही त्याची यादीही ठळक अक्षरात छापायला हवी.

उपायांपैकी एक आम्हाला फार आवडतो, कारण त्यात कळशीच आहे. कुश्तिया भागातल्या अबुल हुसाम आणि त्यांचे डॉक्टर भाऊ यांनी तीन कोलशींची गाळणी केली. एकावर एक तीन कळश्या. वरच्या कळशीत वाळू आणि ओतीव लोखंडाचा कीस, मधलीत वाळू आणि कोळसा, खालचीत गाळलेलं पाणी. वरच्या कळशीत लोखंड हवेने गंजतं आणि तो ताजा गंज आर्सेनिकला पुन्हा चिकटवून घेतो. जमिनीखाली जे सुटलं तेच कळशीत उलटं फिरवायचं, बस्स. पुढे याच कल्पनेवर सुधारलेली सोनो गाळणी निघाली आणि 2007 साली हुसाम यांना अमेरिकेत 10 लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्यातला मोठा हिस्सा त्यांनी गाळण्या वाटायलाच दिला.

आपल्याकडचं काय, हे तुम्ही विचारणारच. महाराष्ट्रात बहुतेक बोअर काळ्या पाषाणात आहेत. बंगालसारखे गाडलेल्या पालापाचोळ्याचे जाड थर त्यात नाहीत, त्यामुळे तिकडची हकीकत जशीच्या तशी इकडे लागू होत नाही. आपल्याकडचं दुखणं जास्त करून फ्लोराइड आणि नायट्रेटचं. मात्र आपल्या गडचिरोलीच्या शेजारी, छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्यात कौडीकसा गावाच्या भागात आर्सेनिक सापडलेलं आहे. तिथे ते गाळातून नाही, खडकातून येतं. बिहार-उत्तर प्रदेशात गंगेकाठी मात्र बंगालसारखंच. तिकडच्या वीटभट्टीवाल्या किंवा ऊसतोडीच्या बायका तुमच्या गावात आल्या आणि कुणाच्या तळहातावर असे दाणे दिसले, तर महारोग म्हणून दूर सारू नका, दवाखान्यात पाठवा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, आणि त्यांच्या पेटीत कोणकोणत्या चाचण्या आहेत, हे ग्रामसभेत विचारा. ज्या चाचणीची पुडी पेटीत नाही, ते द्रव्य पाण्यात नाही असं होत नाही.

शेवटी त्या नळी उतरवणाऱ्या गवंड्यांबद्दल. बांगलादेशाच्या मतलब भागात संशोधकांना दिसलं की हे कारागीर वर येणाऱ्या वाळूचे रंग ओळखतात: काळी, पांढरी, पांढुरकी आणि लाल. काळ्या वाळूतलं पाणी बहुतेक आर्सेनिकचं निघालं, लाल वाळूतलं बहुतेक चांगलं. लाल म्हणजे गंज शाबूत, काळी म्हणजे गंज गेलेला. पश्चिम बंगालमध्ये पंपाखालच्या सिमेंटच्या ओट्यावरून असाच अंदाज घेता आला: ओट्यावर तांबडे डाग असतील तर पाण्यात विरघळलेलं लोखंड आहे, आणि आर्सेनिकचा संशय, काळे डाग असतील तर मँगनीजवरच गाडी थांबली आहे, लोखंडाची पाळी आलेली नाही, तिथे आर्सेनिक कमी. मँगनीजही जास्त झालं तर लहान मुलांना बरं नाही, आणि डाग बघून चाचणी टाळता येत नाही. पण तो ओटा रोज सकाळी राखेने घासत बसणाऱ्या बायकांना तो तांबडा की काळा, हे कुठल्याही सर्वेक्षणाच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.